'माझी शपथ घे' म्हणू नका

मुलीच्या हातावर तिने स्वतःच करून घेतलेले व्रण दिसले की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी रडारड, मग 'आम्ही तुला काय कमी केलं?', आणि शेवटी 'माझी शपथ घे, परत असं करणार नाहीस.' मी ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. पालक भेटायला आले की पहिल्यांदा हेच सांगते, शपथ घालू नका. मूल आईचं तोंड बघून शपथ घेतं. पुन्हा जीव कासावीस झाला की हात तिकडेच जातो आणि आता शपथ मोडल्याचं ओझंही वर. मग ते आणखी सफाईने लपवायला शिकतं.

आमच्या स्टाफरूममध्येही 'अटेन्शनसाठी चाललंय' म्हणणारे आहेत. अहो, अटेन्शन हवं असतं तर भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट कोण घालेल? पोहायला जाणं अचानक बंद होतं, बाथरूममध्ये फार वेळ जातो, 'मांजरीने ओरबाडलं' अशी कारणं सारखी पुढे येतात. मुलगे भिंतीवर मुठी आपटून घेतात, त्याला आपण 'तापट आहे' म्हणून सोडून देतो.

स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं असतं असं नाही. बरेचदा आतला ताण किंवा बधिरपणा असह्य झालेला असतो, थोडा वेळ सुटका मिळते, मग लाज वाटते, त्या लाजेचा पुन्हा ताण. पण 'मरायचं नव्हतं ना, मग ठीक' असंही नाही, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. म्हणून सरळ विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही.

यावर खास अशी गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्याची औषधं देतात. मुख्य काम समुपदेशनाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी विकसित केली. आपणही तरुणपणी स्वतःला इजा करायचो, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. भावना अंगावर आली की ती वेळ इजा न करता कशी काढायची, याचा या थेरपीत अक्षरशः सराव करून घेतात. किशोरवयीन मुलांच्या उपचारात आईबाबांनाही बसवतात. (तिथेच बाबांना 'ऑफिसचं काम' निघतं, हा माझा अनुभव.)

आणि ते 'पोलीस केस होईल' म्हणून जखम घरीच बांधून ठेवणं! हॉस्पिटलात एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद होऊ शकते, पण नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यालाही तीव्र ताणाखाली असल्याचंच धरतं. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही.

तेव्हा आधी जखमेकडे बघा, आवाज चढवू नका, मोबाइल हिसकावू नका. 'कधीपासून एवढा त्रास होतोय?' एवढं विचारून गप्प बसा, ते बोलेपर्यंत. जखम खोल असेल किंवा जिवाला धोका वाटला तर 108. कुणाकडे जायचं कळत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फोन पालकांनी केला तरी चालतो.