सिलेंडरची तारीख बघून झाली असेल, तर आता नळी बघा

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. गॅस सिलेंडरला एक्स्पायरी डेट असते. ती वरच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेली असते. ती उलटून गेलेला सिलेंडर म्हणजे घरातला बॉम्ब, केव्हाही फुटेल. म्हणून तारीख बघूनच सिलेंडर घ्या आणि निर्धास्त राहा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजला आणखी दोन शेपट्या होत्या. उन्हाळ्यात सिलेंडर आपोआप फुटतो, त्याला ओलं पोतं गुंडाळून ठेवा. आणि सिलेंडरने पेट घेतलाच तर ओलं फडकं टाका, ज्योत विझली की संकट टळलं.

मी एकोणीस वर्षं साताऱ्याकडे गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. हजारो ओट्यांखाली वाकून पाहिलंय. मेसेज पाठवणारी माणसं मनाने चांगली असतात, दुसऱ्याच्या जिवाची काळजी म्हणूनच पाठवतात. पण या मेसेजने सगळ्या घराची नजर भलत्याच जागी खिळते, आणि म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

'सिलेंडरला एक्स्पायरी डेट असते.'

पट्टीवर खूण असते, एवढं खरं. कडं आणि टाकी यांना जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. आकडे वर्षाचे. 'ए-२८' म्हणजे मार्च २०२८. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण ती तारीख सिलेंडर 'संपण्याची' नाही, पुढच्या चाचणीची आहे. सिलेंडर ही काही औषधाची बाटली नव्हे, आणि आतला गॅसही शिळा होत नाही. नवा सिलेंडर दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासायचा, असा नियम आहे. त्या चाचणीत सिलेंडर रिकामा करून त्यात पाणी भरतात आणि दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब देतात. आपल्या स्वयंपाकघरात तो उभा असतो तेव्हा आतला दाब याच्या निम्म्याहूनही कमी असतो. चाचणीत गळला, फुगला, पत्रा गंजून पातळ झालेला निघाला, तर तो सिलेंडर भंगारात जातो. पास झाला की नवी खूण रंगवून पुन्हा फिरायला लागतो. देशातल्या या सगळ्या कारभारावर ज्या सरकारी संस्थेची देखरेख असते, त्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

'तारीख उलटली की बॉम्ब.'

३१ मार्चला ठणठणीत असलेलं पोलाद १ एप्रिलला कच्चं होत नाही. तरीही उलटलेल्या तारखेचा सिलेंडर घेऊ नका, हे मीही सांगेन. चाचणी राहून गेली याचा अर्थ कुणीतरी आपलं काम केलेलं नाही, आणि तसा सिलेंडर भरून घरी पाठवायलाच नको होता. गॅसवाला दारात असतानाच खूण बघा, उलटलेली असेल तर बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. घरात आधीपासून असलेला सिलेंडर तसा निघाला तर रात्री बारा वाजता तो अंगणात ढकलू नका. सकाळी एजन्सीला फोन करा. अशा घाबरून केलेल्या ढकलाढकलीत रेग्युलेटर तिरका होऊन गळती सुरू झालेली मी पाहिली आहे.

'स्फोट होतो तो सिलेंडर जुना झाल्यामुळे.'

मेसेजचा खरा घोटाळा इथे आहे. पेपरात 'सिलेंडरचा स्फोट' असा मथळा येतो, भिंत पडलेली असते, खिडक्या रस्त्यावर असतात. आणि त्याच ढिगाऱ्यात सिलेंडर मात्र अनेकदा अखंड सापडतो. फुटलेली असते ती खोली. बाहेर आलेला गॅस हवेत मिसळला, साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांच्या दरम्यान आला आणि ठिणगी मिळाली की तो एकदम पेटतो.

दोन टक्के म्हणजे किती? दहा बाय आठचं स्वयंपाकघर, दहा फूट उंच, असं धरलं तर सगळ्या खोलीभर एवढं प्रमाण व्हायला सुमारे एक किलो गॅस लागतो. सिलेंडरमध्ये असतो १४.२ किलो. त्यातही हा गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचा, हवेच्या दीड ते दोन पट जड. तो वर जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली, ट्रॉलीत, कोपऱ्यात साठून राहतो. त्यामुळे खाली धोका तयार व्हायला तेवढाही लागत नाही.

सिलेंडर स्वतः फुटतो ते बहुतेक वेळा आधी लागलेल्या आगीत. बाहेरून ज्वाळा लागत राहिल्या की आतला दाब चढतो आणि तापलेला पत्रा मऊ पडतो, मग तो फाटतो. तेव्हा त्याच्या पट्टीवर २०३० ची खूण असली तरी काही फरक पडत नाही.

मग गॅस बाहेर येतो कुठून? माझ्या एकोणीस वर्षांत टाकीचा पत्रा गळतोय असं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसलं. बाकी तक्रारी तीन जागांच्या. व्हॉल्व्हमधला वायसर, रेग्युलेटरचा जोड आणि नळी.

वायसर म्हणजे व्हॉल्व्हच्या आत बसणारी रबराची बारीक रिंग. ती तुटली किंवा जागेवर नसली तर रेग्युलेटर बसवताच फसफस ऐकू येते. म्हणून नवा सिलेंडर आला की गॅसवाला दारात असतानाच टोपण काढायला लावा, व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे थेंब टाकून बुडबुडे येतात का बघायला सांगा. घाई आहे म्हणाला तरी थांबवा. ते पांढरं टोपण दोरीसकट जपून ठेवा, फेकू नका. पुढे कधी गळती झालीच तर रेग्युलेटर काढल्यावर ते टोपण दाबून बसवलं की गॅस थांबतो. मुलं त्याची गाडी करतात आणि नेमकं गरजेच्या दिवशी ते सापडत नाही.

नळीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सिलेंडर जाड पोलादाचा, शेगडी लोखंडाची, आणि दोघांना जोडते रबराची बोटाएवढी नळी. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते. आतून तारांची जाळी असलेली, आयएसआय खुणेची सुरक्षा नळीच घ्यायची, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. नळीवर वर्ष छापलेलं असतं. मेसेजमध्ये ज्या तारखेसाठी एवढी आरडाओरड आहे, ती एक्स्पायरी डेट घरात खरोखर असते, फक्त ती सिलेंडरवर नसून नळीवर असते.

आणि लोक नळीचं काय काय करतात! तेलकट होते म्हणून तिच्यावर कापडी खोळ घालतात, प्लास्टिक गुंडाळतात. मग आतल्या भेगा कुणाला दिसणार? तोटीवर सहज चढावी म्हणून टोक ज्योतीवर गरम करतात, तिथेच रबर जळकं होतं. ट्रॉलीच्या मागच्या भोकातून नळी जाते, त्या भोकाची धार तिला रोज थोडी थोडी कापत राहते. उंदीर कुरतडतात ते वेगळंच. नव्या धर्तीच्या किचनमध्ये सिलेंडर दिसू नये म्हणून त्याला बंद कपाटात कोंडतात. कपाट असू द्या, पण त्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी, कारण गॅस तळाशीच बसतो. याच कारणाने गळतीचा अलार्म बसवायचा तर जमिनीपासून वीतभर उंचीवर. ज्यांच्याकडे पाइपलाइनचा गॅस आहे त्यांचा अलार्म मात्र छताजवळ, कारण तो गॅस हवेपेक्षा हलका असतो.

तपासायचं असेल तर साबणाचं पाणी. वाटीत फेस करा, ब्रशने जोडांवर आणि नळीभर लावा, बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून बघणारे अजूनही भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो, ते करू नका.

'उन्हाळ्यात सिलेंडर आपोआप फुटतो.'

नाही. सिलेंडर काठोकाठ भरलेला नसतोच. द्रव फुगायला जागा राहावी म्हणून साधारण पाचवा भाग मोकळा ठेवतात. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा पोलादाच्या हिशेबात मोठा नाही. तो उन्हात ठेवू नये, शेगडीला चिकटून ठेवू नये, हे बरोबर. पण ओल्या पोत्याने तळ गंजतो, दुसरं काही होत नाही. उलट थंडीत गॅस संपत आला की सिलेंडर गरम पाण्याच्या परातीत उभा करणं किंवा आडवा पाडणं, याला कुणी मेसेज लिहीत नाही. आडव्या सिलेंडरमधून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, बाहेर येताना सुमारे अडीचशे पट फुगतो, आणि शेगडीची ज्योत एकदम अंगावर येते. दोन भाकऱ्यांच्या गॅससाठी हे करू नका.

'ओलं फडकं टाका, ज्योत विझली की झालं.'

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. प्रात्यक्षिकाचे व्हिडिओ मीही पाहिलेत. मोकळं मैदान असतं, शेजारी प्रशिक्षित माणूस असतो. घरात नळीच्या तोंडाशी ज्योत लागली तर पहिलं काम रेग्युलेटरची खटकी बंद करण्याचं. हात तिथवर पोहोचावा म्हणून ओल्या जाड कापडाचा उपयोग होतो. पण गॅस चालू ठेवून नुसती ज्योत मारली तर? जो गॅस जळत होता तो आता खोलीत भरत राहणार आणि पुढची ठिणगी सगळं घर घेणार. खटकीपर्यंत पोहोचता येत नसेल तर माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

ज्योत नाही, नुसता वास आहे, तर कुठल्याही बटणाला हात लावू नका. दिवा लावायचा नाही तसाच बंदही करायचा नाही, एक्झॉस्ट फॅन तर नाहीच. ठिणगी दोन्ही वेळेला पडते. रेग्युलेटर बंद करा, टोपण बसवा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. हा नंबर गळतीसाठी चोवीस तास चालू असतो. वासावर पूर्ण विसंबू मात्र नका. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि नाक त्याला थोड्या वेळात सरावतं. सर्दी झालेल्या किंवा वयस्कर माणसाला तो येतही नाही.

'तारीख बघा आणि निर्धास्त राहा.'

या वाक्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि त्याचं कारण सिलेंडर नाही, बाथरूममधला गॅस गिझर आहे. तारीख बरोबर, नळी नवी, गळती शून्य, तरी माणूस जातो. चार बाय सहाची बाथरूम, थंडी म्हणून खिडकी बंद, आणि आत गिझर जळतोय. खोलीतला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसमध्ये मिसळलेला वास तर जळून गेलेला असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मग पाय लटपटतात, आणि कडी उघडायचं भान राहत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा असाच एका डिसेंबरच्या सकाळी पडला. त्याच्या आईला नळाचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून तिने हाका मारल्या. दार तोडलं, उघड्यावर आणलं, दवाखान्यात नेलं, वाचला. त्यांच्या सिलेंडरवर पुढच्या तीन वर्षांची खूण होती, मी नंतर पाहिली.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, वाऱ्यावर लावा. आधीच आत बसवलेला असेल तर निदान आज एवढं करा. दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरू लागली तर मेकॅनिकला बोलवा, तोवर वापरू नका.

ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्याच संध्याकाळी बोलावलं, "भाऊ, आमची तारीख बघून द्या." तारीख उत्तम होती. नळीवरची खोळ मी काढली. आत छापलेलं वर्ष होतं २०१३, आणि वाकलेल्या जागी नख रुतेल एवढ्या तीन भेगा. काकू बराच वेळ त्या भेगांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रेग्युलेटर बंद करायला लावला, शेजारून डबा मागवला आणि नवी नळी येईपर्यंत शेगडी पेटवली नाही.