कमरेतली सुई आणि ‘जन्मभराची कंबरदुखी’

मुलाची हर्नियाची किंवा खाली न उतरलेल्या अंडकोषाची शस्त्रक्रिया ठरली की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. पूर्ण भूल दिलेली असताना मणक्यात आणखी सुई टोचतात ती बिल वाढवायला. त्याने मज्जारज्जूला इजा होते आणि कंबर जन्मभर दुखते. तीही लेकरू झोपलेलं असताना टोचतात. आणि तान्ह्या बाळांना दुखणं कळतच नाही, सिरप पुरे.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो एकेकाळी डॉक्टरांचाच होता. नवजात बाळांवर अगदी जुजबी भुलेत मोठ्या शस्त्रक्रिया होत असत. १९८७ मध्ये के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत शस्त्रक्रियेचा ताण कमी चढतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळ सांगू शकत नाही, एवढंच खरं.

मग पूर्ण भुलेवर सुई कशाला? पूर्ण भूल म्हणजे झोप. वायू बंद केला की थोड्या वेळात मूल जागं होतं आणि टाके ठणकू लागतात. कमरेखालच्या सुईचं औषध (भूलतज्ज्ञ तिला ‘कॉडल’ म्हणतात) चार ते सहा तास टिकतं. शिवाय वायू आणि अफूवर्गीय औषधं कमी लागतात; अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मध्येच थांबण्याची भीती असते, तिथे हे फार मोलाचं.

मज्जारज्जूची भीती समजण्यासारखी आहे, पण सुई नेमकी कुठे जाते ते बघा. मूल कुशीवर, गुडघे पोटाशी. माकडहाडाच्या जरा वर बोटाला दोन बारीक उंचवटे लागतात. त्यांच्यामधल्या खाचेतून २२ किंवा २३ गेजची सुई साधारण ४५ अंशांत आत जाते आणि पडदा भेदल्याचा हलका ‘टक्’ हाताला कळतो. नवजात बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी संपतो, वर्षाच्या आसपास पहिल्या मणक्यापाशी. सुई त्याच्या बरीच खाली असते. जवळ असते ती मज्जारज्जूभोवतालच्या पाण्याची पिशवी, आणि तान्ह्या बाळात ती बरीच खालपर्यंत येते. म्हणून ‘टक्’ लागल्यावर सुई जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच सरकवायची. औषध देताना कातडीखाली फुगवटा आला तर सुई जागेवर नाही. थांबून पुन्हा जागा शोधायची.

खरी काळजी वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही: औषध रक्तवाहिनीत जाणं किंवा जास्त होणं. सिरिंज ओढून रक्त आलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, कारण बाळाच्या नाजूक शिरा ओढल्यावर चिपकतात. म्हणून सुई थोडा वेळ उघडी ठेवून बघतात, मग अॅड्रेनलिन मिसळलेला छोटा डोस देऊन मॉनिटरवर नजर ठेवतात, आणि उरलेलं हळूहळू देतात.

डोसाचं गणित दहा किलोच्या मुलावर मांडू. सुईतून देतात त्या बधिर करणाऱ्या औषधाची, ब्युपिव्हकेनची, कमाल मर्यादा किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅम. ०.२५ टक्के औषध किलोला एक मिली धरलं तर १० मिलीतच मर्यादा गाठली. बधिरता आणखी वर हवी म्हणून कोणी सव्वा मिली धरलं, तर तेच औषध ३१ मिलिग्रॅम होतं. त्याऐवजी ०.५ टक्क्यांच्या ५ मिलीत साडेसात मिली सलाईन घातलं की साडेबारा मिली ०.२ टक्के तयार होतं, आणि औषध २५ मिलिग्रॅमच राहतं. सर्जनने शेवटी जखमेत आणखी बधिरीकरण टोचलं तर तेही याच हिशेबात धरायचं. चूक बहुधा इथेच होते. विषबाधा झालीच तर २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) किलोला दीड मिली. ते थिएटरात हाताशी हवं.

झोपेत टोचणं? दोन वर्षांचं जागं मूल सुई आत असताना उसळी मारतं, धोका तिथे आहे. अमेरिकेतल्या पेडियाट्रिक रीजनल अॅनेस्थेशिया नेटवर्कने २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त ब्लॉकचा (म्हणजे शरीराचा एखादा भाग बधिर करणाऱ्या अशा सुयांचा) हिशेब मांडला. त्यातले बहुतेक झोपलेल्या मुलांत दिलेले होते. मज्जातंतूंची कायमची इजा एकही नाही. तात्पुरती, दहा हजारांत दोन-तीन. टोचल्या जागी एक-दोन दिवस हुळहुळणं वेगळं.

बिलात वेगळी रक्कम दिसली तर बेलाशक विचारा, पण कारण दुखणंच असतं. सुई द्यायचीच नाही अशी मुलंही असतात: कमरेखाली विचित्र खळगा किंवा केसांचा पुंजका, तिथल्या कातडीला जंतुसंसर्ग, रक्त न गोठण्याचा आजार. हे आधी सांगा. सात-आठ वर्षांपुढे बरेच भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर पोटाच्या भिंतीतला ब्लॉक पसंत करतात. आणि ब्लॉक कधी कधी लागतच नाही, हेही खरं.

‘रात्री फार रडला, सुईचा उपयोग झाला नाही’ ही तक्रार मात्र बहुधा सिरपच्या वेळेची असते. औषध उतरायच्या आधीच पॅरासिटामॉल पोटात हवं: किलोला १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, म्हणजे दहा किलोला १५०. बाटलीवर ५ मिलीत १२५ लिहिलं असेल तर ६ मिली, २५० असेल तर ३ मिलीच. थिएटरात पॅरासिटामॉल दिलं होतं का आणि किती वाजता, हे घरी निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. पाय जड असेपर्यंत मुलाला एकटं उभं करू नका.