‘साध्या कुलपासाठी एवढा घोळ’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. कुलूप तुम्ही ऑनलाइन घेतलं होतं, आमच्याकडून फक्त बसवून हवं होतं. तीन तास लागले, ६५० रुपये वाढीव लागले, बाहेरचा कोयंडा काढायचा सल्ला वर मिळाला आणि आता पावसाळ्यात चावी जड फिरते, ही तुमची तक्रार.

कुलूप चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरफोडीत दरवेळी कुलूपच तुटतं असं नाही. तुमचं दार आत उघडतं. बाहेरून लाथ बसली किंवा कटावणी घातली, की सगळा जोर चौकटीवरच्या डबीवर येतो, म्हणजे कुलपाचे दांडे जिच्यात जातात तिच्यावर. कुलपाच्या खोक्यात डबीसाठी पाऊण इंची स्क्रू होते. तुमच्या चौकटीत तिथेच जुन्या नाइट लॅचची भोकं होती, सैल झालेली. त्यात पाऊण इंची स्क्रू पिळले असते तर काम वीस मिनिटांत झालं असतं, आणि एका जोरदार लाथेत डबी लाकडाच्या कपच्यांसकट हॉलमध्ये येऊन पडली असती.

म्हणून आधी जुनी भोकं सागाच्या खुंट्या फेविकॉल लावून ठोकून बुजवली. सर्वाधिक वेळ ते वाळण्यात गेला. मग ३ मिमीचं भोक पाडून ८ नंबरचे दोन इंची स्टेनलेस स्क्रू बसवले. आधी भोक न पाडता पक्क्या सागात स्क्रू रेटला तर तो मान मोडतो, नाहीतर चौकट चिरते. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू अनेक सुतार सर्रास वापरतात, स्वस्त आणि झटपट जातात म्हणून. ते कडक पण ठिसूळ असतात, आडव्या धक्क्याला डोकं तुटून येतं. दाराच्या कामात आम्ही ते वापरत नाही.

६५० रुपये चौकटीचे. कुलपाच्या उंचीवर हाताने दाबली तरी ती हलत होती, होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, सुटला होता. तिथे चौकट भिंतीला आवळणारे १० × १२० मिमीचे दोन लांब बोल्ट, म्हणजे फास्टनर, भिंतीत घेतले. तुमची भिंत विटांची आहे म्हणून एवढ्यावर भागलं. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा फास्टनर पकडत नाही, भोवतालचा ब्लॉकच भुगा होतो. तिथे वेगळा लांब प्लग लागतो आणि खर्चही वाढतो. हलणारी चौकट फोनवर कळत नाही, त्यामुळे आधी सांगितलेल्या दरात ती नव्हती. भोक पाडण्यापूर्वी आकडा सांगून तुमचा होकार घेतला होता.

कोयंड्याचं म्हणाल, तर तो दोन स्क्रूंवर असतो आणि त्याला लटकणारं कुलूप ‘घरात कोणी नाही’ एवढीच बातमी जिन्यात देतं. शिवाय एका घरात शिरण्याआधी शेजारच्या दारांना बाहेरून कडी लावून ठेवायची, ही चोरांची जुनी सवय. कडीच नसेल तर तुम्हाला आत कोंडता येत नाही. काढणं-ठेवणं तुमच्यावर.

चावी जड होणं हे दाराचं दुखणं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार जरा वर-खाली होतं आणि दांडे डबीच्या कडेला घासतात. खात्री करून घ्या: दार उघडं ठेवून चावी फिरवा. हलकी फिरली तर कुलूप ठीक आहे. कोणी रंधा मारू म्हणालं तर आत्ता मारू देऊ नका, हिवाळ्यात तिथे फट पडते आणि कटावणीला जागा मिळते. डबीची कड मिलिमीटरभर घासली की पुरतं, ते आम्ही विनामोबदला करून देऊ. चावीच्या भोकात खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून पिना अडकतात. ग्रॅफाइटची पूड चालते.

जाताना मात्र दार नुसतं ओढून घेऊ नका. तेवढ्याने तिरपी जीभच अडकते आणि ती प्लास्टिकच्या पट्टीने मागे सरकवता येते. चावी पूर्ण फिरवून तिन्ही दांडे बाहेर काढा.

आमच्या माणसाने बाल्कनीच्या स्लायडिंगबद्दलही सांगितलं होतं, ते रिव्ह्यूत नाही. तिचा पल्ला बाहेरून वर उचलला तर रुळातून निघतो. पल्ला बंद करून वरच्या रुळात दोन स्क्रू असे घ्या, की पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही. ते आमच्याकडूनच करून घ्यायला हवं असं नाही, स्क्रू कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील.