जावयाची भाषा

भारतातून आलेल्या माणसाला इंग्रजी जन्मजातच येतं, असा क्राकूफमधल्या माझ्या घरमालकीणबाईंचा ठाम समज आहे. मी पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतली, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. आता सांगायची सोय नाही, कारण इंग्रजी शिकवायच्या बोलीवरच भाडं कमी झालंय.

पोलिशमध्ये बाईला 'पानी' म्हणतात आणि बाप्याला 'पान'. विभक्त्या सात, त्यांत संबोधनही आलं. त्यामुळे हाक मारताना माझा 'पान्ये महेशू' होतो. आजोळीसुद्धा कुणी मला इतक्या लाडानं हाक मारली नव्हती. पण रात्री दारावर टकटक झाली आणि पाठोपाठ 'पान्ये महेशू!' आलं, की समजायचं, इंग्रजीतलं काहीतरी पानींना चावलंय.

पानींच्या शाळेत सक्तीची भाषा होती रशियन. पुढे 2004 साली पोलंड युरोपीय संघात गेला, लाखो तरुण इंग्लंडला गेले, त्यांतच पानींची लेक. तिनं नवरा तिथलाच केला आणि त्याला पोलिशचा गंध नाही. जावयाला सुनवायचं तर त्याच्याच भाषेत, म्हणून पानी केंब्रिजच्या सगळ्यांत वरच्या, सी-टू परीक्षेला बसणार आहेत. ही परीक्षा 1913 साली पहिल्यांदा झाली, तेव्हा बसले तिघं, परीक्षा चालली बारा तास आणि तिघंही नापास. मी हे घाबरवायला सांगितलं, तर बाईंना हुरूपच आला. पहिल्या बॅचचा निकाल शून्य टक्के, म्हणजे आपण काही अगदीच शेवटून पहिल्या येणार नाही!

हा जावई पहिल्याच भेटीत नम्रपणे म्हणाला होता, 'आय ॲम ॲन ऑर्डिनरी मॅन.' पोलिशमध्ये 'ऑर्दिनार्नी' म्हणजे असभ्य, शिवराळ. आता पानींना इंग्रजी अर्थ कळलाय, मत मात्र बदललेलं नाही.

समजावून झालं की मी विचारतो, 'कळलं?' त्या 'नो, नो' करत मान डोलावतात. पोलिश 'नो' म्हणजे 'हो ना'. हे उमगेपर्यंत मी एकेक गोष्ट दोनदोनदा समजावत होतो. खरं तर वाक्प्रचारांत आमचं दोघांचं छान जुळतं. आपण माणसाला बाटलीत उतरवतो, पोलिश लोक फसवायचं झालं तर त्याला बाटलीत ठासतात. आपलं वरातीमागून घोडं, त्यांची जेवणानंतर मोहरी. इंग्रजी तेवढं आमच्यात बसत नाही.

त्यातही क्रियापदाला चिकटणारी ती 'अप', 'ऑफ', 'डाउन'ची पिलावळ. पानींच्या चौकटीच्या वहीत 'पुट'चं एक अख्खं पान आहे. पुट ऑफ: पुढे ढकलणे. पुट अप विथ: सहन करणे (पुढे कंसात जावयाचं नाव). पुट डाउन: आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन संपवणे. हा शेवटचा अर्थ त्यांनी कुठल्याशा मालिकेतून टिपला होता. परवा रात्री ही वही आणि फोन घेऊन त्या अक्षरशः धावत आल्या. ओठ पांढरे. जावयाचा मेसेज होता: 'जस्ट पुट द बेबी डाउन. फायनली!'

बाळाला झोपवलंय हो, असं मी तीन भाषांत सांगितलं. तरी त्यांनी लेकीला फोन लावला, नातवाचं घोरणं कानांनी ऐकलं, मगच खुर्चीत बसल्या. त्यातून ते 'फायनली' त्यांना फारच लागलं होतं.

'जावंसं वाटतं पळून, मिरी उगवते तिथं!' त्यांनी वही आपटली. पोलिश माणूस पळायचं म्हटलं की तिथंच पळतो. म्हणजे लांबात लांब, कुणाला सापडू नये इतक्या लांब.

मी फोन काढला आणि आमच्या सावंतवाडीच्या परसातला फोटो दाखवला. पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, हिरवेगार घोस, खाली खुर्ची टाकून बसलेले बाबा. पानींनी चष्मा लावला, फोटो मोठा करून वेल खालपासून वरपर्यंत पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

'पान्ये महेशू, मग तुम्ही तिथून पळून इकडे कशाला आलात?'