मंजूर आसा, पण पूल नाय

सगळ्यात आधी एक करा, ‘कपात’ हा शब्द तोंडातून काढू नका. पदांची आणि खर्चाची कपात कुठे झालेलीच नाही. सरकारी कागदात ती कधी होत नसते. तिथे वित्तीय शिस्त असते, आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या यादीचा, फेरआढावा असतो, समायोजन असतं, आणि काहीच सुचलं नाही तर ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. करोनाच्या वर्षी, मे २०२० मध्ये, वित्त विभागाने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि नव्या भरतीला कुलूप घातलं, तेव्हा निदान कात्री डोळ्यांना दिसली तरी. आता फक्त कापलेलं दिसतं. कोकणात राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडेही जमीन विकली असं कोणी म्हणत नाही. ‘मुंबयकारांनी वेवहार केल्यानी’ म्हणतात आणि विषय बदलतात.

अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय, ते आमच्या ग्रामपंचायतीच्या दारावरच वाचायला मिळतं. दाराच्या हिरव्या फळीवर खडूने लिहिलं होतं, ‘सोम, गुरु’. म्हणजे ग्रामसेवक साहेब या दोन वारी भेटतील. आषाढातल्या एका झडीत ‘गुरु’ पुसला गेला. तो पुन्हा गिरवायला कोणी आलं नाही, म्हणून आता फक्त सोमवार. साहेबांना दोष देऊ नका. त्यांच्याकडे तीन गावं आणि एक मोटरसायकल. तुम्ही इथे आलात तर ते पलीकडच्या गावात असतात, पलीकडे गेलात तर तिसऱ्या, आणि तिसऱ्यात गेलात तर पंचायत समितीत मीटिंग. मी तुम्हाला अनुभवाचा सल्ला देतो. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या नाक्यावर, जिथे भजी चांगली मिळतात, तिथे अकराच्या सुमारास थांबा. दाखला, सही, शिक्का, सगळं बाकावर होतं. भज्यांचे पैसे तुम्ही द्यायचे, इतकंच.

बरं, सरकार याबाबत हातावर हात ठेवून बसलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं भारदस्त नाव दिलं. माणूस तोच, मोटरसायकल तीच, गावंही तीनच. पण सेवक होता तेव्हा त्याची वाट बघताना चिडचिड व्हायची. अधिकाऱ्याची वाट बघण्यात एक प्रतिष्ठा असते.

तरीही रिकाम्या पदांवर खरा इलाज हवा असेल तर तो मंत्रालयात नाही, देवळात आहे. आपल्या गावचं मानकऱ्याचं पद कधी रिक्त ऐकलंय? शिमग्याला पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून भावकी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. तलाठ्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी कोर्टात गेलेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही. म्हणून माझी सूचना अशी की आरोग्यसेविकेचं पद मानाचं करावं. दर जत्रेला तिला पहिला नारळ आणि लुगडं द्यावं. दोन घराण्यांत वाद पेटेल, पोलीस बंदोबस्त लागेल, पण उपकेंद्राला एक दिवस कुलूप राहणार नाही.

शाळेचं तर फार सोपं आहे. मुलं होऊ देऊ नका.

हसू नका, यात कोकणाने देशाला वाट दाखवली आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ उरली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ ची ८,४९,६५१ झाली. दोन जिल्हे मिळून एक लाखाहून जास्त माणसांची बचत, तीही एकाही शासन निर्णयाशिवाय! बाकीचं राज्य वाढत होतं आणि आपण गुपचूप कमी होऊन तिजोरीला हातभार लावत होतो. याबद्दल आपल्याला एखादा ताम्रपट द्यायला हवा होता. मिळालं काय, तर ‘वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा’ या यादीत नाव.

आमच्या वाडीच्या शाळेत सहा मुलं आहेत. चिऱ्याची इमारत, गावाने डोक्यावरून चिरे वाहून बांधलेली, पुढे दोन जास्वंदी. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली आणि कुठल्या कुठल्या शाळांत कागदावरची पोरं सापडली, तेव्हा आमच्याकडे एकही खोटं नाव निघालं नाही. आज त्या प्रामाणिकपणाची शिक्षा भोगतोय असं काही जण म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं लिहिलंय. किलोमीटर सपाटीवरचा की घाटीचा, ते मोजताना कोणी बघत नाही. नकाशावर ८०० मीटर असलेली शेजारची शाळा आमच्या पोरांना एक व्हाळ म्हणजे ओढा, एक घाटी आणि सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, अर्धा तास एवढी लांब पडते. पण त्यातून व्यायाम होतो, आणि व्यायामाच्या शिक्षकाचा पगारही वाचतो.

मास्तर मिळत नाहीत ही ओरडही आता जुनी झाली. जुलै २०२३ मध्ये ठरलं की निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर कंत्राटी घ्यायचं, वयाची मर्यादा ७०. कल्पना मला तरी मनापासून आवडली. ज्या गावात मुलं सहा आणि म्हातारे साठ, तिथे मास्तर आजोबांच्या वयाचा असलेला बरा. डीएड करून घरी बसलेला शेजारचा पोरगा हे वाचून जरा हिरमुसला होता. त्याला मी सांगितलं, धीर धर, तूही निवृत्तीच्या वयाला येशीलच.

आता संपवाल्यांकडे येऊ. काटकसरीच्या काळात नागरिकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे शेजारच्या सरकारी माणसाचा पगार तोंडपाठ असणं. ते आपण सगळे पार पाडतोच. एरवी आपल्याला सातबारावरचं स्वतःचं क्षेत्र सांगता येत नाही, पण गुरुजींचा सातवा वेतन आयोग आणि महागाई भत्ता टक्क्यांसकट सांगता येतो. १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला, तेव्हा गावोगाव त्यांच्यासाठी हळहळ होती असं आमचे वडील सांगत. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ते सात दिवस बसले, तर आपण गजालीत विचारलं, ‘आमका खंय पेन्शन आसा?’ प्रश्न बरोबर आहे. फक्त त्याचं उत्तर ‘आम्हालाही द्या’ असं आपल्यातल्या एकालाही सुचलं नाही, ‘त्यांचीही काढा’ एवढंच सुचलं. ज्याला तिजोरी सांभाळायची आहे त्याला याहून गुणी जनता कुठे मिळणार?

आमच्या शेजारी दोन भाऊ आहेत, दोघेही सरकारी कारकून. थोरला २००४ साली लागला, धाकटा २००६ साली. मधे जुनी पेन्शन बंद झाल्याची १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आडवी पडली. थोरल्याला निवृत्तीनंतर ठरलेली पेन्शन. धाकट्याच्या पगारातून दर महिन्याला दहा टक्के कापून बाजारात गुंतवलेले. एकाच पडवीत दोघे जेवायला बसतात. थोरला निवांत सोलकढी ओततो, धाकटा मोबाइलवर सेन्सेक्स बघतो. आईने मात्र दोघांना वाढायचा भात अजून वेगळा केलेला नाही. वित्त विभागाने तिच्याकडे लक्ष द्यायला हवं.

संघटनांनाही थोडं सांगायला हवं, नाहीतर पक्षपात होईल. मागण्यांच्या पत्रकात ‘रिक्त पदे भरा’ ही ओळ तुम्ही घालता, ती अगदी खाली, जिथे स्टेपलरची पिन आणि अध्यक्षांची सही येते तिथे. तिला तिथेच असू द्या. वर आली तर गावकरी तुमच्या मंडपात येऊन बसतील, आणि मग संप मिटवायला फार जड जाईल. रिकामी खुर्ची कधी घोषणा देत नाही, म्हणून तिच्यावर कोणी चिडत नाही. तसंच घाटावरून आलेल्या गुरुजींनी पहिली संधी मिळताच आंतरजिल्हा बदलीने परत जावं आणि आपण त्यांना निरोपाच्या सभेत शाल द्यावी, ही प्रथाही चालू ठेवा. आमच्या घरातच अशा समारंभांचे तीन फोटो आहेत. स्वागताचे फोटो शोधतोय.

आशा ताईंचं वेगळं. त्यांना पगार नसतोच, मानधन असतं. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला त्या आणि अंगणवाडीच्या बायका आझाद मैदानात जाऊन बसल्या, तेव्हा आमच्या वाडीत गरोदर बाईचं वजन करायला कोणी नव्हतं. इतकी वर्षं हे काम कोण करत होतं ते त्या आठवड्यात कळलं. पुढच्या आठवड्यात आपण विसरलोही.

मधल्या वर्षांत लोकप्रतिनिधींची उणीव भासली असेल तर मनाला आवर घाला. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला महाराष्ट्रात आल्या तेव्हा गावच्या माणसाने गावचा कारभार करायचा, असं ठरलं होतं. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती आली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले. तेरावा विषय तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा: रस्ते, मोऱ्या, पूल, नावा आणि जलमार्ग. विषय वेळेवर पोचले, पैसे आणि माणसं मागच्या गाडीने येताहेत. मार्च २०२२ मध्ये आपल्याकडच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले, आणि निवडणूक घ्या असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. या मधल्या काळात एकही सदस्य आपल्याला दिलेला शब्द विसरला नाही, कारण सदस्यच नव्हता.

यातली खरी गंमत पंधराव्या वित्त आयोगाची. निवडून आलेली मंडळी असतील तरच निधी, अशी त्याची अट होती. आधी निवडणूक घ्यायची नाही, मग निवडणूक झाली नाही म्हणून निधी थांबवायचा, मग निधी नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून लोक विचारतात की ही जिल्हा परिषद हवी कशाला. इतकं नेटकं चक्र आमच्या रहाटालाही कधी जमलं नाही. त्याचे लोटे निदान पाणी आणत.

तिजोरीत पैसे नाहीत असं मात्र समजू नका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट आणि ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणारं कर्ज दाखवलं होतं. एवढं कर्ज मिळायलाही पत लागते. त्यातच लाडक्या बहिणींसाठी ३६,००० कोटी. या १,५०० रुपयांना नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या वाडीत त्यातून औषधं आली, एकीने शिलाई मशीनचा हप्ता भरला. माझं म्हणणं एवढंच की पैसे बाईच्या खात्यात पोचतात, पण खात्यापर्यंत बाई कशी पोचते ते कोणी विचारलेलं नाही. ई-केवायसीसाठी रेंज सड्यावर, बँक तालुक्याला, आणि दोन्हींच्या वाटेवर व्हाळ. आनंदाच्या शिध्याने हा त्रास वाचवला. २०२५ च्या गणपतीला तो आलाच नाही, म्हणून आणायला जावं लागलं नाही.

व्हाळावर आमचा साकव, म्हणजे पायवाटेचा पूल, आहे. दोन पोफळीचे ओंडके, वर कामट्या, एका बाजूला हात धरायला बांबू. दर वर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, वाडी मिळून बांधते. ज्याची पोफळ वादळात पडली असेल त्याने ओंडका द्यायचा, ज्याची नसेल त्याने चहा. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्तेनंतर दोन वर्षं आम्हाला ओंडक्यांची ददात नव्हती. पक्का साकव मंजूर आहे. फार वर्षांपासून मंजूर आहे. मागे एकदा व्हाळ मोजायला खात्याचे साहेब आले तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या आबांनी विचारलं, ‘सायबानू, आमचो पूल मंजूर आसा मां?’ साहेब म्हणाले, आहे की. आबांनी व्हाळाकडे बघितलं, बांबू चाचपला आणि शांतपणे म्हणाले, ‘मंजूर आसा, पण पूल नाय.’

पूल नाही कारण दरसूची बदलते. अंदाजपत्रक होतं तोवर नवे दर येतात, नवे दर आले की नवं अंदाजपत्रक, त्याला पुन्हा तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, तोवर मार्चअखेर. म्हणून साहेब पुन्हा मोजायला येतात. व्हाळाची रुंदी तीनही वेळा तेवढीच भरली. व्हाळाला कुठली दरसूची!

यंदाही येणार आहेत, असा निरोप आहे. तेव्हा शेवटची सूचना. टेपचं दुसरं टोक धरायला खात्याचा माणूस असायचा, ते पद बरीच वर्षं भरलेलं नाही. तेव्हा निरोप आला की कोणीतरी पलीकडे जाऊन ते टोक धरायचं आहे. छत्री न्या, चप्पल हातात घ्या, बांबूवर भार टाकू नका. आणि डावीकडच्या ओंडक्यावर पाय देऊ नका, तो गेल्या वर्षीचा आहे.