चार आण्याचा हीटर, बारा आण्याचा कोड

आज हे एकदाचं ओकून टाकते, नाहीतर त्या हीटरला असतो तसला प्रेशरचा व्हॉल्व्ह मलाच बसवून घ्यावा लागेल.

झालं असं की महिन्यापूर्वी एका गुरुवारी सकाळी साडेसहाला मी गॅरेजमध्ये वॉशर लावायला गेले आणि पायाखाली पचपच. वॉटर हीटरच्या बुडातून पाणी. ५० गॅलनची टाकी, म्हणजे जवळजवळ १९० लिटर, आमच्या आधीच्या मालकाने २००९ मध्ये बसवलेली, तळ गंजून गेलेला. सासूबाई साताऱ्याहून आलेल्यात सहा महिन्यांसाठी, त्यांनी काही न बोलता मोठं तपेलं गॅसवर चढवलं. म्हणाल्या, "अगं त्यात काय, आमचा जन्म बंबाच्या पाण्यावर गेला, तू जा तुझ्या मीटिंगला." बरं, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या घरात बादली कुठून आणायची? होती ती फरशी पुसायची. ती घासूनपुसून घेतली, तपेल्यातलं पाणी तिच्यात ओतायचं, जिना चढून वर न्यायची, चार माणसं, सहा दिवस. माझी कंबर अजून सरळ नाही.

नवऱ्याने पहिल्या दिवशी जाहीर केलं की मी स्वतः बसवतो, व्हिडिओ बघितलाय, पाण्याचे दोन नट, गॅसचा एक, झालं. मी म्हटलं बघ बाबा. दुपारपर्यंत त्याला कळलं की कॅलिफोर्नियात नुसता हीटर बदलायचा तरी परमिट लागतं, जुना काढून तसाच नवा तिथेच ठेवला तरी लागतं, आणि मग सिटीचा इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. स्वारी गप. शेजारचे एक काका म्हणाले, "परमिट? कुठे त्या नादाला लागता, आम्ही कोणी काढत नाही." हो काका, आणि उद्या घर विकताना फॉर्मवर लिहायचं काय? आणि उद्या गॅस लीक झाला तर इन्शुरन्सवाला काय आरती ओवाळणारे का?

मग प्लंबर. तिघांना फोन केले, एक आलाच नाही, एकाने फोनवरच असा आकडा सांगितला की मी दोनदा विचारलं, तिसरा आला त्याने २८०० डॉलर सांगितले आणि वर "परमिटशिवाय केलं तर कमी करतो" हे हळूच. नाही म्हटलं. माझाच मूर्खपणा, सरळमार्गी माणसाचं पाकीट आधी मोकळं होतं. तो गेला गॅरेजच्या कपाटात, टॉर्च मारली, आणि तिथून त्याचं ते लाडकं वाक्य सुरू झालं, "धिस इज नॉट टू कोड." म्हणजे हे बांधकामाच्या नियमांत, कोडमध्ये, बसत नाही. हे वाक्य म्हणजे कॅश रजिस्टरची घंटी आहे, प्रत्येक वेळी ऐकलं की दीडदोनशे डॉलर वाढले समजायचं.

पहिली घंटी, नवी टाकी कपाटात मावत नाही. का? तर २०१५ पासून इकडे हीटरच्या एनर्जीचे नियम कडक झाले, त्यामुळे बाहेरचं इन्सुलेशन जाड झालं, त्यामुळे तेवढ्याच ५० गॅलनची टाकी आता दोन इंच ढेरपोटी. दोन इंच! त्या दोन इंचांसाठी दाराची चौकट काढा, खालचा लाकडी ओटा कुजलाय तो नवा करा, आणि टाकीची उंची बदलली म्हणून वरचा धुराचा पाइपसुद्धा परत जोडा. ओटा का असतो तेही त्यानेच सांगितलं. गॅरेजमध्ये पेट्रोल सांडलं तर त्याची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून हीटरची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर हवी, आणि आताच्या टाक्यांमध्ये ती वाफ पेटू नये अशी सोय आतच असते तर ओटा लागतही नाही. मग काढू या का ओटा? तर नाही, "इन्स्पेक्टर कोण येतो त्यावर आहे." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हटलं मग विजेवर चालणारा हीट पंपच घेऊ, इथल्या हवेचं प्रदूषण बघणाऱ्या खात्याने २०२३ मध्ये ठराव केलाय की २०२७ पासून घरगुती गॅस हीटर नॉक्स, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, न सोडणारेच विकायचे, म्हणजे आज ना उद्या तिकडेच जायचंय. तर त्याला २४० व्होल्टची वेगळी लाइन, ३० अँपची, आणि आमचं विजेचं पॅनल १०० अँपचं, आधीच गाडी चार्ज करून करून भरलेलं. पॅनल बदलायचं तर आणखी एक परमिट. मरो, गॅसचाच लाव म्हटलं.

आता एक गोष्ट मात्र कबूल करते. जुन्या टाकीच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो, पाणी २१० फॅरनहाइटला पोचलं किंवा प्रेशर १५० पीएसआयला गेलं की तो उघडून पाणी बाहेर सोडतो. त्याला पाइप असतो, तो खाली उतरत जाऊन मोकळा सुटायला हवा, त्याच्या टोकाला आटेसुद्धा नसावेत असा नियम आहे. का नसावेत? कारण आटे असले की कुणीतरी शहाणा तिथे टोपण बसवतो. आमच्या आधीच्या मालकाने बसवलं होतं! थेंब थेंब गळत होतं म्हणून टोपण, चांगला टेप गुंडाळून, घट्ट. प्लंबरने ते टोपण काढून माझ्या हातात दिलं, एवढंसं, पितळी, बाटलीच्या बुचाएवढं. कुकरची शिट्टी बांधून ठेवावी आणि वर पाच वर्षं रोज भात लावावा तसं आम्ही जगत होतो, पोरं त्याच कपाटाला टेकून सायकलला हवा भरायची. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. ते टोपण मी फेकलं नाही, किचनच्या खिडकीत ठेवलंय.

तर नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणंच नाही हो. टाकी भिंतीला बांधायच्या पट्ट्यांचंच घ्या, १९८९ चा लोमा प्रिएटाचा भूकंप ज्यांनी बघितला त्यांना कळतं, पाण्याने भरलेली टाकी दोनशे किलोच्या वर जाते, ती आडवी झाली की गॅसचा पाइप तुटणार आणि मग आग. बांधा पट्टे, दहा बांधा. माझा राग कशावर आहे तर हे सगळं एका कागदावर एकदाच सांगायला यांना काय धाड भरलीये? सिटीच्या पोर्टलवर परमिटचा अर्ज भरला, त्यात बीटीयू म्हणजे हीटरची ताकद विचारली, वेंटचा म्हणजे धुराच्या पाइपचा प्रकार विचारला, माझ्या नवऱ्याच्या सहीची पीडीएफ दोनदा नाकारली कारण फाइलच्या नावात स्पेस होती, पैसे मात्र पहिल्या फटक्यात कापले. पण "तुमच्या घरात हे हे बघणार" अशी चार ओळींची यादी? नाव नको.

हीटर बसला सहाव्या दिवशी. बिल ३६००. आता इन्स्पेक्शन. सकाळी ८ ते १२ मध्ये कधीही येणार, म्हणजे अर्धी रजा. पहिला इन्स्पेक्टर आला पावणेबाराला, कपाटात डोकावला, विचारलं एक्सपान्शन टँक कुठाय? पाणी तापलं की फुगतं, आणि घराच्या तोंडाला प्रेशर रेग्युलेटर असेल तर ते मागे लाइनमध्ये जाऊ शकत नाही, मग ते फुगलेलं पाणी घ्यायला वेगळी छोटी टाकी हवी. प्लंबर तर म्हणाला होता लागत नाही! प्लंबरला फोन, तो म्हणतो रेग्युलेटर झुडपामागे होता मला दिसला नाही. दिसला नाही! २८०० चे ३६०० करताना सगळं दिसत होतं. फेल. टँक लावायला ३५० आणि पुढची तारीख आठ दिवसांनी.

दुसऱ्या वेळी दुसराच माणूस. एक्सपान्शन टँककडे त्याने बघितलंही नाही! टेप काढून खालचा पट्टा मोजत बसला. पट्टे दोन हवेत, एक टाकीच्या वरच्या तिसऱ्या भागात, एक खालच्या, आणि खालचा गॅसच्या कंट्रोलपासून कमीत कमी ४ इंच वर. आमचा तीन. तीन इंच आणि थोडं. पहिल्याने हाच पट्टा बघून मान डोलावली होती की राव! बरं तेवढ्यावर थांबेल तर शपथ, म्हणतो आता घरातले स्मोक अलार्म दाखवा. मी म्हटलं, हीटर गॅरेजमध्ये आहे. हो, पण राज्याचा नियम असा की हजार डॉलरच्या वरच्या कामाचं परमिट असलं की स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म जागेवर आहेत का ते बघायचं, प्रत्येक बेडरूममध्ये धुराचा, बेडरूमच्या बाहेर दोन्ही, प्रत्येक मजल्यावर. आणि बॅटरीचा असेल तर दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचाच, आमचे जुने नऊ व्होल्टवाले, बाद. सासूबाई सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या, तो माणूस बूट घालून त्यांच्या अंगावरून वर गेला, खाली आला, परत फेल. "हा कोण, कर घ्यायला आलाय का?" त्या विचारतात. सांगू काय त्यांना?

सात अलार्म विकत आणले. सात. नवऱ्याने शिडीवर चढून लावले, निदान ते तरी व्हिडिओ बघून जमलं. प्लंबर पट्टा एक इंच वर सरकवायला आला, फुकट सरकवला म्हणून मी त्याला चहा दिला, इतकी माझी पातळी खाली आली होती. तिसरी रजा, तिसरा इन्स्पेक्टर, चार मिनिटांत सही, वर एकही अलार्म न बघता. मी म्हटलं अरे वर चल, सात लावलेत, बघ तरी! म्हणाला, नाही, ठीक आहे.

हिशेब तिथेच थांबवलाय, आकडा चार हजारांच्या पुढे गेला की मी वही मिटते. पाणी मात्र आता कढत येतं, त्यात वाद नाही.

फक्त काल संध्याकाळी सासूबाईंनी आमटीला मिरची-लसणाची फोडणी दिली आणि किचनबाहेरचा नवा अलार्म बोंबलायला लागला, बॅटरी सीलबंद, काढता येत नाही, तो दहा वर्षं बोंबलणार. आजपासून आमच्याकडे नवीन पद्धत, त्या तेलात मोहरी टाकायच्या आधी मला हाक मारतात, "ये गं, टॉवेल घेऊन उभी राहा," आणि मी अलार्मखाली उभी राहून वारा घालते.