साखर आधी, कॉफी शेवटी

थ्री-इन-वन कॉफी (कॉफी, साखर आणि क्रीमर म्हणजे दुधाऐवजी घालायची पूड, एकाच पाकिटात) आयात करताना लेबलचे नियम जाचक होतात, अशी आयातदारांची तक्रार एका लेखात वाचली. मला ती अजिबात पटली नाही. पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. बहुतेकांवर साखर आणि क्रीमर आधी, कॉफी पार खाली. हे गिऱ्हाइकाला कळायला नको? क्रीमर ‘नॉन-डेअरी’ म्हटलं तरी त्यात बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. दुधाची अ‍ॅलर्जी असलेला कॉलेजातला एक मुलगा माझ्या दुकानातून तेच पाकीट घेऊन निघाला होता. मी यादीवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा थांबला.

आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लोगो व परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका नंतर स्टिकरने लावायची मुभा आहेच. आणखी काय हवं? मागे एका पुरवठादाराच्या मालावरचा स्टिकर मी नखाने उचलला, तर खालची छापील मुदत केव्हाच उलटलेली! अख्खा खोका त्याच दिवशी परत पाठवला.